केनियाच्या पाहुण्याला बोरिवलीचा वाघ

नंदू परबने रविवारी संध्याकाळी पाच हजार माणसांसमोर वाघ कबूल केला, आणि घरी येऊन बूट काढेपर्यंत त्याला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

"कुठला वाघ?" त्याच्या बायकोने, अनुपमाने विचारलं.

"आपला. बोरिवलीचा. नॅशनल पार्कातला."

"आणि कबूल कोणाला केलास?"

"केनियाला," नंदू म्हणाला.

त्याचं असं झालं. कांदिवलीच्या मैदानावर दहा दिवस जागतिक कबड्डी स्पर्धा चालली होती. बारा देश, रोज तुफान गर्दी, आणि शेवटच्या दिवशी कप भारताने उचलला. अख्खं उपनगर अंगात आल्यासारखं नाचत होतं. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लग्नपत्रिका छापणारा आपला नंदू दहा दिवस सुट्टी टाकून स्वयंसेवक झाला होता आणि केनियाचा संघ त्याच्या ताब्यात होता. त्यांचं पाणी, त्यांची बस, त्यांच्या कोचचा हरवलेला चष्मा, सगळं नंदूच बघायचा. कोचचं नाव किप्रोनो. सहा फूट दोन इंच उंच, शांत माणूस. दहा दिवसांत "जेवलास का?" आणि "चल चल, लवकर!" एवढं मराठी शिकला होता.

समारोपाला किप्रोनो स्टेजवर आला. तुम्ही पाहुणचार फार छान केलात, म्हणाला. मग हसत हसत म्हणाला, आता तुम्ही आमच्याकडे या. आमच्याकडे सिंह आहेत, हत्ती आहेत, गेंडे, जिराफ, सगळं आहे. बिचारा प्रेमाने बोलला हो! पण त्या संध्याकाळी आपली माणसं कोणाचंही काही ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हती. आभार मानायला माईक नंदूच्या हातात आला आणि नंदू ओरडला, "सर, तुमच्याकडे सगळं आहे, पण वाघ नाय! वाघ आमच्याकडे आहे! आणि वाघ बघितल्याशिवाय तुम्ही हा देश सोडणार नाय! हा माझा शब्द आहे, एकशेचाळीस कोटी लोकांचा शब्द आहे!"

मैदान असं काही उसळलं की विचारू नका. कप उचलला तेव्हासुद्धा एवढ्या शिट्ट्या पडल्या नव्हत्या.

"एकशेचाळीस कोटींना विचारलंस?" अनुपमा म्हणाली. "आणि तू स्वतः बघितलायस का कधी तिथला वाघ?"

जन्म बोरिवलीत काढलेल्या माणसाने पार्कात काय बघितलेलं असतं? माकडं, तिखटमीठ लावलेल्या कैऱ्या आणि सकाळी उलटं चालणारी माणसं. चौथीच्या सहलीत त्याने एक सिंह बघितला होता, तोही झोपलेला. तो दगडही असू शकेल, असं त्या वेळी बाईच म्हणाल्या होत्या.

"उद्या सकाळीच नेतो त्यांना."

"उद्या सोमवार. पार्क बंद."

"मग परवा."

"परवा संध्याकाळी त्यांना विमानतळावर सोडायचंय. म्हणजे तुझ्याकडे एकच सकाळ आहे. नाही दिसला वाघ तर?"

"तर वाट लागली," नंदू म्हणाला. हातातला बूट तसाच धरून तो खाली बसला. पाच हजार माणसांसमोर दिलेला शब्द, तोही परदेशी पाहुण्याला. उद्या हा माणूस नैरोबीला जाऊन सांगणार, भारतीय लोक कबड्डी छान खेळतात, पण बोलण्यावर जाऊ नका.

खरं म्हणजे दोघांनीच गुपचूप जाऊन यायचं, असं नंदूने ठरवलं होतं. पण गुपचूप हा प्रकार त्याच्या सोसायटीत अजून कोणाला जमलेला नाही. सोमवारी दुपारी शेजारचा जॉनी परेरा दारात उभा. मूळचा गोराईचा, घरची वाडी सांभाळून आता बायको मेबलसोबत बोरिवलीत राहणारा.

"काय मॅन नंदू, पाहुण्याला एकटा नेतो काय? मी पण येतो. मेबल पण येते. ती इंदियाल करते. पोर्कचा झणझणीत रस्सा. पाहुणा काय उपाशी जाणार?"

"जॉनी, वाघ बघायला चाललोय. बारशाला नाय."

"तेच सांगतो ना! वाघ कधी दिसेल त्याचा भरवसा नाय, भूक तर लागणारच!"

संध्याकाळपर्यंत आकडा बावीसवर गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या मृणालिनीताईंनी सगळ्यांना स्पर्धेचे निळे टी-शर्ट घालायची सक्ती केली. तळमजल्यावरच्या निलेशने ढोल काढला. गावाहून आलेले नंदूचे धोंडूमामा तर धुतलेलं धोतर नेसून रात्रीच तयार होऊन बसले. नंदूने हातापाया पडून बघितलं, पण सगळ्यांचं म्हणणं एकच: शब्द एकशेचाळीस कोटींचा दिलायस ना? मग आम्ही त्यात येत नाही का?

मंगळवारी सकाळी पार्काच्या दारात ही वरात उतरली. किप्रोनो हॉटेलातून आधीच येऊन उभा होता. बावीस निळे टी-शर्ट आणि दोन झेंडे बघून त्याने विचारलं, "आज पण मॅच आहे?" ढोल पहारेकऱ्याने दारातच ठेवून घेतला. सफारीच्या छोट्या जाळीवाल्या गाडीत सगळी मंडळी कोंबून बसली, आणि ड्रायव्हरने मागे वळून दम भरला, "आवाज नाय. खाणं काढायचं नाय. हात बाहेर नाय. वाघ दिसला तर दिसला, नंतर माझ्याशी भांडायचं नाय."

गाडी आत शिरली. नंदूने पाहुण्याला खिडकीजवळ बसवलं होतं आणि स्वतः समोरच्या बाकावर, त्याच्याकडे तोंड करून बसला होता. काहीतरी बोलावं म्हणून त्याने आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "सर, सफारीला पहिल्यांदाच?"

किप्रोनो मोठ्याने हसला. "कबड्डी माझी शनिवार-रविवारची. बाकी बावीस वर्षं मी मसाई मारात जीप चालवतो. पर्यटकांना सिंह दाखवतो."

नंदूच्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे आपण सोनाराला सोनं दाखवायला घेऊन आलो! त्याने चाचरत विचारलं, "आणि... सिंह नाय दिसला तर लोक काय करतात?"

"फार रागावतात. पैसे परत मागतात. एक बाई म्हणाली, सिंहाला फोन करा."

नंदूने घाम पुसला.

सिंहांच्या भागात एक सिंह झाडाखाली आडवा पडला होता. "सिंह! सिंह!" करत अख्खी गाडी एका बाजूला कलली. किप्रोनोने एकदाच बघितलं आणि हळूच म्हणाला, "म्हातारा आहे. पोट भरलंय. उठणार नाही." तो उठला नाही. मृणालिनीताईंनी झेंडा हलवून बघितला, तरी नाही.

मग लोखंडी दारं उघडली, बंद झाली, आणि गाडी वाघाच्या भागात आली. रस्ता, बांबू, वाळका पाला, एक पाण्याचं टाकं. वाघ कुठेच नाही. ड्रायव्हरने एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि शेवटी टाक्याजवळ गाडी उभी करून इंजिन बंद केलं.

"पाच मिनिटं थांबतो. मग परत फिरायचं."

पाच मिनिटं! बावीस माणसं जाळीला नाक लावून बसली. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं.

"मेबल, डबा उघड," जॉनी कुजबुजला. "वासाने येईल."

"ओ! डबा बंद!" ड्रायव्हर खेकसला.

"निदान टाळ्या तरी वाजवूया," निलेश म्हणाला.

"गप रे! तुझ्यामुळेच येत नाय तो!"

नंदू कोणाचंच ऐकत नव्हता. तो घड्याळाच्या काट्याकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. अनुपमाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. एरवी तिने टोमणा मारला असता, पण तिलाही आता रडू येत होतं.

तेवढ्यात धोंडूमामा उठून उभे राहिले. "नंद्या, कित्या रडतंस? देवाक सांगल्यात काय कोणी? गाऱ्हाणा घातल्याशिवाय वाघ येतलो खयसून?"

आता कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. घराचा पाया असो, पोराची परीक्षा असो नाहीतर बोअरिंगला पाणी असो, देवापुढे खणखणीत गाऱ्हाणं घातल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. म्होरक्या बोलतो, बाकीच्यांनी हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि प्रत्येक वाक्याला हुंकार भरायचा. मामांनी धोतराचा सोगा सावरला, आणि सवयीने वीसच्या वीस परब, सावंत, राणे हात जोडून उभे राहिले. जॉनी आणि मेबलही उभे राहिले. ड्रायव्हर कुडाळचा निघाला. त्याचेही हात आपोआप जुळले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज जी काय ही तुझी लेकरां केनियाच्या पावण्याक घेवन हय इली हत..."

"व्हय म्हाराजा!"

"तेंका जो काय वाघ दाखवूचो हा, तो खय निजलो असात तर तेका उठव..."

"व्हय म्हाराजा!"

"रुसान बसलो असात तर तेची समजूत घाल, आणि वाट चुकलो असात तर तेका वाटेर आण..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या नंद्यान इचार न करता जो काय शब्द दिल्यान, तेची लाज राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" गाडी हादरली. जॉनीने शेवटी "आमेन"ही म्हणून टाकलं.

सगळ्यांनी डोळे उघडले. रस्ता तसाच, बांबू तसेच, टाकं तसंच. ड्रायव्हरने घड्याळ बघितलं, देवाला म्हणून कपाळाला हात लावला आणि गाडी सुरू केली.

दाराबाहेर उतरल्यावर नंदूने किप्रोनोचे दोन्ही हात धरले. "सॉरी सर. व्हेरी सॉरी. मी शब्द दिला आणि..."

"सॉरी?" किप्रोनो म्हणाला. "कशाबद्दल? आयुष्यात मी असं काही बघितलं नाही!"

"बघ, किती चांगला माणूस," अनुपमा हळूच म्हणाली. "मन राखतोय तुझं."

किप्रोनोने मोबाईल काढला. व्हिडिओ चालू केला. बावीस डोकी त्यावर वाकली. पडद्यावर नंदू, डोळे गच्च मिटलेला, हात जोडलेला, मागे मामांचा आवाज. आणि नंदूच्या कानामागे, जाळीच्या पलीकडे, सावकाश सरकत गेलेलं एक पट्ट्यापट्ट्यांचं शेपूट.

"दोरी आहे," मेबल म्हणाली.

"दोरीला पट्टे असतात काय?" जॉनी ओरडला. "वाघ! मॅन, वाघ!"

मग जो गलका झाला! निलेश नाचायला लागला, मृणालिनीताई रडायला लागल्या, आणि मामांनी मिशीवरून असा हात फिरवला की वाघ त्यांनीच पाळलेला असावा. "सर, तुम्ही बोलला का नाय?" नंदू किंचाळला. "आम्हाला हलवायचं ना!"

"बोलू कसा?" किप्रोनो म्हणाला. "बावीस वर्षांत एकाही पर्यटकाने प्राणी आल्यावर मोबाईल खाली ठेवलेला मी बघितला नाही. आणि तुम्ही! वाघ समोर आला आणि तुम्ही सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. म्हातारे, बायका, ड्रायव्हरसुद्धा! तुमच्या देशात वाघाला एवढा मान देतात, हे मला माहीत नव्हतं. घरी जाऊन सगळ्यांना सांगणार मी."

बावीस जणांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी अनुपमा ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "यस सर. आमची पद्धतच आहे ती."

"फार जुनी," जॉनीने दुजोरा दिला.

पण राहवतंय कोणाला? निलेशने घसा खाकरून विचारलं, "सर, पण... होता कसा तो?"

किप्रोनोचा चेहरा उजळला. बावीस वर्षांचा वाटाड्या तो, सांगण्यात त्याचा हात कोण धरणार? त्याने सगळ्यांना पिंपळाच्या सावलीत खाली बसवलं. खांदे पाडून, मान खाली घालून, एकेक पाऊल टाकत तो वाघासारखा चालून दाखवायला लागला. असा बांबूतून आला. असा थांबला. गाडीकडे बघून अशी जांभई दिली, तेव्हा आजोबा मोठमोठ्याने बोलत होते. मग नंदूच्या खिडकीखालून गेला, एवढ्या अंतरावरून. जन्म बोरिवलीत गेलेली माणसं आपला वाघ कसा दिसतो ते केनियाच्या माणसाकडून आ वासून ऐकत होती. "मग? मग?" करत होती. ढोल परत करायला आलेला पहारेकरीसुद्धा खाली बसला.

गोष्ट संपली तेव्हा नंदूची छाती फुगली होती. "दाखवला की नाय वाघ? शब्द म्हणजे शब्द!"

"दाखवलंस रे," धोंडूमामा म्हणाले, "पण तू खय बघितलंस?"

नंदू हसला. "काय मामा, पाहुण्याच्या आधी यजमान जेवतो काय? पाहुण्याचं पोट भरलं. आता आपली पंगत!"

आणि तो तिकिटाच्या खिडकीकडे धावत सुटला. पाठोपाठ एकवीस निळे टी-शर्ट, आणि सगळ्यात मागून "चल चल, लवकर!" म्हणून त्यांना हाकत येणारा किप्रोनो.