पोटजात कोणती?

मांजर्लीच्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्याच सकाळी शेजारचे म्हसकरकाका बाल्कनीतून वाकून मला म्हणाले, "पोटजात कोणती?"

माझं डोकंच फिरलं. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए. हातातली बादली खाली ठेवली आणि सरळ सांगितलं, "कांबळे. बौद्ध. पोटजात आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच सोडली. अजून काही?"

"तुमची कोण विचारतंय हो! त्याची!"

माझ्या ग्रिलवर चिमणीहून लहान एक पक्षी शेपूट उभं करून बसला होता. पाठ राखाडी, पोट तांबूस, तोंड अखंड चालू.

"राखी वटवट्या," काका म्हणाले. "जात कळली. पोटजातीचं अडलंय."

काका अंबरनाथच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. बिल्डिंगमागे नदीपर्यंत गवताचा माळ आहे, तिथे ते रोज सकाळी हजेरी लावत. गळ्यात उल्हासनगरहून आणलेली दुर्बीण. तिच्यातून एका पक्ष्याचे दोन दिसत. हातात रजिस्टर, खिशात व्हर्नियर. हो, लोखंड मोजायचा तोच व्हर्नियर.

"या वटवट्याच्या चार पोटजाती," काका सांगत. "उत्तरेकडच्याचं शेपूट हिवाळ्यात लांबतं, आपल्याकडच्याचं बारा महिने तेवढंच. म्हणजे शेपूट मोजायला हवं. माप म्हणजे माप, कांबळे."

वटवट्या काही व्हर्नियरला शेपूट द्यायचा नाही. रजिस्टरात पोटजातीचा रकाना रिकामाच राही आणि काकांना जेवण गोड लागत नसे.

मी एकदा त्यांच्याकडच्या पक्ष्यांच्या पुस्तकातला नकाशा बघितला. "अहो काका, आपला सगळा भाग एकाच पोटजातीचा दाखवलाय की!"

"आणि मधेच एखादा परका घुसला असेल तर?"

बिल्डिंगला तेवढीच करमणूक. सेक्रेटरी खालून ओरडायचा, "काका, टेरेसवर दोन कबुतरांचं जमलंय. पोटजात बघून घ्या, नाहीतर पळून जातील!" सगळे हसायचे. काका मात्र गुपचूप आत जायचे. कारण सगळ्यांना ठाऊक होतं: त्यांची एकुलती एक मुलगी मंदा लग्न करून अंबरनाथला गेली होती. मुलगा चांगला, नोकरीवाला, जातीतलाच. पोटजात तेवढी वेगळी. तेवढ्यावरून काकांनी सहा वर्षं लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं.

मला पोटात ठेवता येत नाही. एका रविवारी काका पुन्हा शेपटाचं पुराण लावून बसले, तेव्हा बोलून गेलो, "काका, अंबरनाथ इथून एक स्टेशन. एवढ्या अंतरात वटवट्याचीसुद्धा पोटजात बदलत नाही."

काकांनी व्हर्नियर मिटला. चार दिवस त्यांची बाल्कनी बंद होती.

पाचव्या दिवशी बेल वाजली. दारात काका, काखेत ते पुस्तक.

"तू ग्रॅज्युएट आहेस. हे अक्षर वाच जरा. माझा चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या नाकावरच होता. वटवट्याच्या पानावर, कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'हा आपल्या मागच्या माळावर आहे. बाबांना दाखवायचाय.'

"मंदाचं कॉलेजचं पुस्तक," काका म्हणाले. "दहा वेळा म्हणाली असेल, चला बाबा, चला बाबा. मी म्हणायचो, पाखरं बघून पोट भरतं का? ती गेल्यावर उघडलं."

काकांनी रजिस्टरचं पान फाडून घडी घातलेली चिठ्ठी पुढे केली.

"तुझी कंपनी अंबरनाथलाच ना? पत्ता मागे लिहिलाय. तिच्या हातात दे. वाचू नकोस."

मी वाचली. एवढं शिकलो ते कशाला? रकान्यांच्या कागदावर फिटरच्या ठसठशीत अक्षरात दोनच ओळी होत्या:

'मंदा, वटवट्या बघितला.
पोटजात विचारली नाही.'