आग्रिओपोर्तोचा तात्पुरता चर

ग्रीसच्या एका बेटावर, आग्रिओपोर्तो या किनाऱ्यावरच्या गावात इव्हान्थियाबाईंच्या खानावळीसमोरचा रस्ता तीन एप्रिल रोजी, सांडपाण्याची नळी टाकण्यासाठी, चार दिवसांकरिता खोदण्यात आला. चौथ्या दिवशी नळी पडलीसुद्धा. त्यानंतर त्या रस्त्यावर वेळेवर असं काहीही झालं नाही.

"आता बुजवा की हो," इव्हान्थियाबाई मुकादम झिसिसला म्हणाल्या.

झिसिसनं खुर्ची चराच्या कडेला ओढली आणि ऐसपैस बसला. "बुजवतो की वहिनी! पण आपल्या देशात जमिनीला कुदळ लागली की प्राचीन वस्तूंच्या निरीक्षकबाईंनी खड्ड्यात उतरून बघायचं, आणि 'काही नाही' असं लिहून द्यायचं. त्याशिवाय मातीचं ढेकूळ हलवता येत नाही. तीन हजार वर्षांचं गाव आहे, चेष्टा आहे का?"

"कधी येणार त्या?"

"उद्या."

आग्रिओपोर्तोत उद्या या शब्दाला फार मान आहे. त्याला तारीख विचारून कोणी त्याचा अपमान करत नाही.

पण इव्हान्थियाबाईंना घाई होती. नवरा गेल्यापासून अकरा टेबलांची खानावळ त्या एकट्या ओढत होत्या, आणि अथेन्सच्या लेकीनं ख्रिसमसलाच बजावलं होतं, "आई, यंदाचा हंगाम बुडाला तर सप्टेंबरात कुलूप लावायचं आणि इकडे यायचं. नातवंडं सांभाळ." बाईंनी हो म्हटलं होतं. नातवंडांवर त्यांचा जीव होता, पण तिसऱ्या मजल्यावरच्या लेकीच्या घराच्या खिडकीतून समोरच्यांची वाळत घातलेली चादर तेवढी दिसायची. समुद्राशिवाय जगायची बाईंना कल्पनाही करवत नव्हती.

मे महिन्यात पाहुणे आले. चराच्या पलीकडे उभे राहून त्यांनी खानावळीकडे पाहिलं, चराकडे पाहिलं आणि ते दुसरीकडे जेवायला गेले. बाईंनी फळी टाकली. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा कारकून ती उचलून घेऊन गेला, कारण विनापरवाना पूल बांधणे हा गुन्हा होता. बाईंनी अर्ज केला. उत्तर आलं, 'काम प्रगतिपथावर असल्याने काम होत नसल्याची तक्रार विचारात घेता येत नाही.' बाई हट्टाला पेटल्या. त्यांनी एकामागून एक चौदा अर्ज केले.

जूनमध्ये निरीक्षकबाई निघाल्या होत्या, पण बोटवाल्यांचा संप झाला. संप मिटला तोवर जुलै उजाडला. वीस तारखेला मजूर इलियासचा नामदिन, त्याच्या नावाच्या संताचा सण. म्हणजे सगळ्या गावानं त्याच्याकडे जायचं, गोड खायचं, पेला उचलायचा. सव्वीसला झिसिसच्या बायकोचा, पारास्केव्हीचा. सत्तावीसला पान्तेलिसचा. तो कामावर नव्हताच, पण माणुसकी म्हणून काही आहे की नाही? उरलेल्या दिवशी दुपारी तीन ते साडेपाच सक्तीची शांतता. शिवाय हंगामात यंत्रांना बंदी, पाहुण्यांची गैरसोय होऊ नये म्हणून. तेव्हा पाहुण्यांच्या सोयीसाठी पाहुण्यांना खानावळीत जाता येत नव्हतं.

अशात एका दुपारी जर्मनीतल्या श्टुटगार्टचे एक लालबुंद आजोबा चराशी आले. झिसिसच्या रिकाम्या खुर्चीत बसले, पाय चरात सोडले आणि पलीकडे हात हलवून भाजलेला ऑक्टोपस मागितला. बाईंनी भट्टीतून पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं घेतलं, त्यावर ताटली ठेवली आणि चरावरून पलीकडे सरकवली.

"किती शांत आहे हो इथं!" आजोबा भारावून गेले. गाडी नाही, स्कूटर नाही. चर असल्यावर येणार कुठून? "तुम्हा लोकांना जगायचं कसं ते कळलंय. मी चाळीस वर्षं रस्ते खात्यात होतो. आमच्याकडे खड्डा तिसऱ्या दिवशी उघडा दिसला तर मीच नोटीस काढायचो. काय मिळवलं मी?"

"रक्तदाब," बाई म्हणाल्या.

आजोबांनी फोटो काढून जगाला पाठवले. आठवड्याभरात चराच्या दोन्ही काठांवर टेबलं लागली. अकराची सव्वीस झाली. फावडी तीन झाली. महापौरांनी 'निवांत जीवन पथ' अशी पाटी ठोकली. पलीकडच्या हॉटेलवाल्यानं आपल्याही दारात रस्ता खोदावा म्हणून अर्ज दिला आणि 'सर्वांनाच चर कसा देणार?' असं उत्तर मिळाल्यावर पक्षपात झाल्याची बोंब ठोकली. बाईंनी लेकीला कळवलं, "कुलपाचं बघू." चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांना शांत झोप लागली.

आणि ऑगस्टच्या अखेरीस, सकाळी आठ वाजता, मातीचा ट्रक दारात हजर! सोबत झिसिस, त्याची माणसं आणि साक्षात निरीक्षक पोलिक्सेनीबाई. चौदावा अर्ज मंजूर झाला होता. वर शेरा होता, 'अत्यंत तातडीचे.'

"झिसिसभाऊ, अहो, आता कशाला?"

"वहिनी, खाली सही तुमचीच आहे. चौदा वेळा!"

पोलिक्सेनीबाई चरात उतरल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. काही नव्हतं. त्यांनी पेन उघडलं. इव्हान्थियाबाईंच्या डोळ्यांपुढे ती वाळत घातलेली चादर आली आणि त्यांना रडूच फुटायचं बाकी राहिलं.

"थांबा!" म्हणत त्या स्वयंपाकघरात धावल्या, सासूबाईंची सूप वाढायची निळी बशी घेऊन आल्या आणि सगळ्यांच्या देखत ती चरात आपटली. ठिकऱ्या उडाल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हे बघा काय सापडलं!"

पोलिक्सेनीबाई पाच तास बोटीत हिंदकळून, उपाशीपोटी आल्या होत्या. त्यांनी तुकड्यांकडे पाहिलं, मग भट्टीकडे.

"काळ कोणता?"

"सासूबाईंचा."

"अनिश्चित," पोलिक्सेनीबाईंनी गंभीरपणे लिहिलं. "उत्खनन करावं लागेल. निदान तीन वर्षं. घाई करून चालत नाही या कामात. काठावरचं टेबल आहे का एखादं?"

"तुमच्यासाठी नाही म्हणेन का?"

झिसिसनं ट्रक परत पाठवला आणि तोही बसला.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही याल तेव्हा आधी कळवा, काठावरची जागा आयत्या वेळी मिळत नाही. तुम्ही येणार, फावड्यावरून ताटली घेणार, चरात पाय सोडून फोटो काढणार आणि "किती निवांत लोक आहेत!" म्हणून घरी पाठवणार, हे इव्हान्थियाबाईंना ठाऊक आहे. घरासमोरच्या चार हात खड्ड्यासाठी तुम्ही नगरसेवकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केलात, तो मात्र उगाच. त्याच्या काठावर तुम्हाला कोणी खुर्ची दिली नव्हती, एवढंच तुमचं दुखणं होतं.