सापाच्या पत्त्यावर गादीवाला

दुकान महिनाअखेर बंद करायचं, असं गादीवाल्यानं ठरवलं आणि नेमका मेव्हणा मदतीला धावला. झालं! आता दुकान शांतपणे बुडणंही नशिबात नव्हतं.

"दाजी, नव्या वेबसाइटला कुत्रं विचारत नाही. एखाद्या जुन्या वेबसाइटचा पत्ता विकत घ्या! शंभर वेबसाइटी लिंक देऊन त्याच्याकडे बोट दाखवतात, म्हणून सर्चमध्ये तो वर दिसतो. आपण आयते वर!"

"पत्ता कोणाचा?"

"एका साप पकडणाऱ्याचा. निवृत्त झालाय बिचारा."

पत्ता घेतला. गादीवाला त्यावर गाद्यांचे फोटो चढवायला गेला, तर मेव्हणा किंचाळला, "मालक बदलला, धंदाही बदलला हे सर्चला कळलं, की त्या बोटांची किंमत शून्य! हळूहळू बदलू. सध्या साप राहू द्या, खाली बारीक अक्षरात गाद्या."

दुसऱ्याच दिवशी फोन. एक बाई.

"लवकर या हो! सहा फुटी आहे!"

गादीवाला हरखला. "सिंगल की डबल?"

"सिंगलच! डबल असता तर फोन करायला मी उरले असते का?"

गादीवाल्यानं फोनवर हात ठेवून मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हणा म्हणाला, "नाही म्हणालात तर बाई बोंब मारेल, पत्त्याची अब्रू जाईल. जा!"

पण न्यायचं काय? दुकानात दुसरं होतं काय! गेला बापडा गादीची वळकटी घेऊन. बाथरूममध्ये साप दिसला, तशी हातातली वळकटी सुटली आणि हा थेट बेसिनवर. साप आला, वळकटीत शिरला, आत वेटोळं घालून गप्प. ह्यानं वळकटीची दोन्ही तोंडं बांधली आणि ती स्कूटरवरून रानात नेऊन साप सोडून दिला. पुढं आणखी दोन घरी हेच. साप वेगळे, वळकटी तीच!

अब्रू वाचली, पण गादी एक विकली नाही. शेवटी वैतागून त्यानं वेबसाइटवरचे साप पुसले, नुसत्या गाद्या ठेवल्या. आणि पत्ता असा घसरला, की सर्चची पानं उलटून बोट दुखलं तरी सापडेना. गादीवाला दुकान आवरायला लागला.

इतक्यात दारात गर्दी! त्या पहिल्या बाईनं आपल्या सोसायटीच्या वेबसाइटवर लिहिलं होतं, 'गादीत शिरला आणि साप गाढ झोपला!' ते दहा जणांनी उचललं, सगळ्यांनी ह्याच्याच पत्त्याकडे बोट दाखवलं. आता 'गाढ झोप' शोधलं, की पहिला गादीवाला!

पुढच्या आजोबांनी गादी दाबून पाहिली. "माणसांना चालेल ना पण?"

"न चालायला काय झालं, आजोबा?" गादीवाला छाती काढून म्हणाला. "तीन सापांनी वापरलीय. एकाचीही तक्रार नाही!"