सोडियम, पोटॅशियम आणि ओव्हाळ भाऊजी

आमच्या शेजारच्या ओव्हाळ भाऊजींना "काय, बरं आहे ना?" असं विचारायची चूक फक्त नवखा माणूस करायचा. सरळ "बरं आहे" म्हणतील तर ते भाऊजी कसले! ते आधी स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवत, घड्याळाकडे बघत आणि समोरच्याला तिष्ठत ठेवून सांगत, "पल्स बहात्तर. डब्ल्यू.एन.एल." डब्ल्यू.एन.एल. म्हणजे विदिन नॉर्मल लिमिट्स, सगळं ठीकठाक. तोवर विचारणाऱ्याची बस निघून गेलेली असायची.

हे वेड काही जन्मजात नव्हतं. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत राहायला आले तेव्हा ते एका कारखान्याच्या ऑफिसात स्टेनो होते. साहेब शिंकले तरी हे शॉर्टहँडमध्ये उतरवतात, असा त्यांचा लौकिक. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आले, साहेब स्वतःच टाइप करू लागले आणि भाऊजींनी व्हीआरएस घेतली. घेतली म्हणजे घ्यावी लागली. बरेच दिवस ते नुसते गॅलरीत उभे असायचे. मग कोणीतरी सांगितलं की कर्वेनगरला मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा क्लास निघालाय. तिकडे अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासून टेपवर बोलतो, ते इकडे पुण्यात हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. पन्नाशीचे भाऊजी विशीतल्या पोरांच्या बाकावर जाऊन बसले.

क्लासमध्ये एक जाडजूड पुस्तक मिळालं. आजारांची नावं, त्यांची आद्याक्षरं, रक्तात कशाचं प्रमाण किती असावं, सगळं पाठ करायचं. तोंडी परीक्षा घ्यायला घरच्याच बाई, त्यांच्या पत्नी सुमनताई. ताई सातवीपर्यंत शिकलेल्या, पण पुस्तक हातात आलं की हेडमास्तरीण. सकाळी बुद्धवंदना झाली की भाऊजी दाढी करायला बसत आणि ताई मेथी निवडता निवडता स्वयंपाकघरातून विचारत.

"सोडियम?"

"एकशे पस्तीस ते एकशे पंचेचाळीस."

"पोटॅशियम?"

"साडेतीन ते पाच."

"क्रिएटिनिन?"

"पॉइंट सहा ते एक पॉइंट दोन."

किडनी कसं काम करते ते सांगणारा हा शेवटचा आकडा भाऊजींच्या विशेष लाडका. तो ते जरा चढ्या आवाजात म्हणायचे. दारं उघडी, जिना घुमणारा. मी शाळेत गणित शिकवते. माझ्या वर्गाला पंधराचा पाढा धड येत नव्हता, पण आमच्या दूधवाल्याला क्रिएटिनिन तोंडपाठ होतं.

भाऊजी परीक्षा पास झाले, नोकरीही लागली. आता हे थांबेल असं आम्हाला वाटलं होतं. कसलं काय! सकाळची रिव्हिजन चालूच राहिली आणि वेडही वाढलं. आधी निदान पुस्तकात होतं, आता ते सोसायटीभर पसरलं. नळाला पाणी आलं नाही की भाऊजी खाली जाऊन सांगत, "टाकी एन.पी.ओ. आहे." एन.पी.ओ. म्हणजे पेशंटला तोंडाने काही द्यायचं नाही. आमच्या ह्यांचा चतुर्थीचा उपास. एकदा ते साबुदाण्याच्या खिचडीची दुसरी बशी घेत होते, तेवढ्यात भाऊजी आले. बशीकडे बघत शांतपणे म्हणाले, "हे एन.पी.ओ. नव्हे. हे सॉफ्ट डाएट." त्या दिवसापासून हे खिचडी आतल्या खोलीत बसून खातात.

तळमजल्यावरच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तर भाऊजी आपण होऊन मध्ये बसले. पत्रिकेचा विषय निघाला, तशी मुलाच्या वडिलांना विचारतात, "मुलाचं हिमोग्लोबिन किती?" पाहुण्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. स्थळ जमलं, हा मुलीच्या नशिबाचा भाग.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांचा एक नियम. ट्रान्सक्रिप्शनमध्ये डॉक्टरचा शब्द नीट कळला नाही, तर अंदाजाने काही टाइप करायचं नसतं. तिथे जागा सोडायची. वरचा एडिटर टेप पुन्हा ऐकतो आणि ती भरतो. हा नियम भाऊजींच्या असा काही अंगात मुरला की विचारू नका. "कळलं नाही तर जागा सोडा, बाई. मनाचं भरू नका. माणूस मरतो त्याने," असं ते मला बजावायचे. पुण्यात रस्त्यावर कोणी पत्ता विचारला तर ठाऊक नसतानाही ठामपणे डावीकडे पाठवायची आपली थोर परंपरा. भाऊजी मात्र नुसतं "जागा सोडली" म्हणून पुढे चालू लागत. विचारणारा बिचारा तिथेच.

एका वर्षी सोसायटीने त्यांना सेक्रेटरी केलं. आमचे चेअरमन तोंडात तंबाखू धरून बोलणारे. भाऊजींनी मीटिंगचा वृत्तांत लिहिला तो असा: "अध्यक्षांनी पार्किंगबाबत टिंब टिंब टिंब असे सांगितले. त्यावर सर्वांनी टिंब टिंब टिंब असे ठरवले." चेअरमन भडकले. भाऊजी म्हणाले, "एडिटरकडे पाठवा, तो भरेल." पुढच्या वर्षी सेक्रेटरी बदलला.

कोणाचे रिपोर्ट आले की बिल्डिंग आधी भाऊजींकडे धावायची. "मी टायपिस्ट आहे, डॉक्टरला विचारा," असं म्हणायचे, आणि म्हणता म्हणता चष्मा लावायचे. मग जे असेल ते तोंडावर. आमच्या ह्यांना म्हणाले, "शुगर वाढलीये. जिलबी बंद." रक्तातल्या साखरेचे आकडे सांगणारा माणूस, पण सांगताना जरा तरी साखर पेरावी! छे. आकडा म्हणजे आकडा. मला त्यांचा रागच यायचा. या माणसाला मन म्हणून काही आहे की नाही, असं मी ताईंना एकदा विचारलंसुद्धा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आहे हो. टाइप करता येत नाही एवढंच."

ताईंना बरीच वर्षं ब्लडप्रेशर होतं. त्या पावसाळ्यात त्यांचे पाय सुजायला लागले. चपला घालता येईनात. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट आणायला भाऊजी गेले, तेव्हा मी ताईंकडेच बसले होते, मेथीच्या दोन जुड्या होत्या म्हणून निवडू लागत होते. भाऊजी आले. बूट न काढताच खुर्चीवर बसले. हा माणूस दारात बूट काढल्याशिवाय कधी आत येत नसे.

"वाचा की," ताई म्हणाल्या.

भाऊजींनी कागद उघडला आणि डिक्टेशन देतात तशा आवाजात वाचायला लागले. हिमोग्लोबिन नऊ पॉइंट आठ, कमी. सोडियम एकशे सदतीस, डब्ल्यू.एन.एल. पोटॅशियम चार पॉइंट आठ, डब्ल्यू.एन.एल. मग ते थांबले. आणि एकदम कॅल्शियमवर गेले.

ताईंचे हात मेथीतच होते. "अहो, क्रिएटिनिन राहिलं."

भाऊजींना खोटं बोलता आलं असतं. एक पॉइंट एक म्हणाले असते, तर ताईंनी आणि मीही विश्वास ठेवला असता, कारण भाऊजींचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण ते म्हणाले, "तिथे जागा सोडलीये."

ताईंनी पदराला हात पुसले आणि पुढे केला. "सोडलेली जागा एडिटर भरतो ना? द्या इकडे."

त्यांनी कागद घेतला, बोट फिरवत ओळ शोधली. "तीन पॉइंट चार," त्या म्हणाल्या. मग सवयीने, रोज सकाळी विचारायच्या तशाच आवाजात त्यांनी विचारलं, "नॉर्मल किती?"

दूधवाल्याला येणारं उत्तर भाऊजींना आलं नाही. ते खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागले, आणि ती काही केल्या सुटेना. मला तिथे बसवेना. मेथी तशीच टाकून मी घरी आले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. ज्या माणसाला मन नाही असं मी म्हटलं होतं, त्याच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्डिंगमध्ये कुणकुण पोचलेली होती. मी दार मुद्दाम उघडं ठेवलं. आज रिव्हिजन होणार नाही, असं आम्ही धरूनच चाललो होतो. बुद्धवंदना झाली. नळ सुरू झाला. मग स्वयंपाकघरातून ताईंचा आवाज आला, "सोडियम?"

उत्तर आलं. पोटॅशियमचंही आलं, जरा बसक्या आवाजात. मग ताईंनी न चाचरता विचारलं, "क्रिएटिनिन?"

नळ बंद झाला. जिन्यात दूधवाला पातेल्यात दूध ओतता ओतता थांबला.

"पॉइंट सहा ते एक पॉइंट दोन," भाऊजी म्हणाले. मग त्यांनी त्या पुस्तकात नसलेलं एक वाक्य जोडलं. "ते बाकीच्यांचं, सुमन. आपलं आपण बघू."

ताईंनी पुढचा प्रश्न विचारला.