श्यामलालचं वाळवण

अर्जुनी मोरगावच्या श्यामलालचा धानाचा व्यापार होता, आणि वजनातलं आपल्याला कोणी शिकवू नये, असा त्याचा गर्व. शेतकऱ्याने पोतं खाली ठेवलं रे ठेवलं, की हा एक दाणा दाताखाली फोडणार आणि नाक मुरडणार, "ओला हाय. वाळवून आन."

असा हा शहाणा चार पायऱ्या चढला की भात्यासारखा फुसफुसायचा आणि झोपला की असा घोरायचा, की बायकोने, दुर्गेश्वरीने, खाट उचलून माजघरात नेली. श्यामलालला रिकामी खोली खायला उठायची. तो विनवायला गेला तर ती म्हणाली, "शिवरातीले महादेवाच्या दर्शनाले प्रतापगडाची टेकडी चढून दाखवा. खाट त्याच दिवशी परत."

गोंदियाच्या डॉक्टरने नीट समजावलं होतं. पोटाची चरबी खालून दाबते, म्हणून फुप्फुसाला फुलायला जागा नाही. चरबी उतरवा, अंगातलं मांस घालवू नका. भात कमी करा, डाळ-अंडी खा, रोज चाला. श्यामलालने मान डोलावली आणि बाहेर येऊन म्हणाला, "त्याले काय समजते? वजन म्हनजे वजन."

आणि या दीडशहाण्याने स्वतःलाच वाळत घातलं! धान वाळवायच्या ओट्यावर, भर उन्हात, घोंगडी पांघरून बसायचा. पाणी बंद, डाळही बंद. चालणं त्याच्या बापजन्मात नव्हतं.

"काऊन जी, पापड होऊन रायले का?" दुर्गेश्वरीने विचारलं.

"तू काटा पाह्य फक्त."

पोत्यांच्या काट्यावर वजन खरंच उतरत होतं. मांड्या सुकल्या, दंड लोंबले, गाल बसले. पोट तेवढं इमानदारीने जागेवर होतं. आठ किलो गेले म्हणून त्याने बाजारात पेढे वाटले, आणि उरलेले स्वतः खाल्ले.

शिवरात्रीला दोघं प्रतापगडाच्या पायथ्याशी बसमधून उतरली. जेमतेम पहिलं वळण आलं आणि श्यामलाल झाडाखाली बसला.

"काय झालं?"

"पायात जीवच नाही... अन् दम..."

"कुठून रायन? पाय वाळवले अन् पोट ठेवलं. धान वाळवला तं दाना जाते का पानी जाते? रोज लोकायले तुमीच सांगता ना?"

श्यामलालने बाटलीभर पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

दुर्गेश्वरी एकटीच वर गेली. तिला रडू येत होतं आणि रागही. माजघरातली खाट तिलाही टोचत होती, पण या माणसाला सांगणार कोण?

दर्शन घेऊन उतरली तर झाडाखाली ही गर्दी. मधोमध श्यामलाल आडवा पसरून घोरत होता, आणि शेंगदाणेवाला हातगाडी सोडून त्याला न्याहाळत होता.

"बाई, तुमचा कोनी हाय का जी हा?"

दुर्गेश्वरीने पदर सावरला.

"नाही जी. ओला माल हाय. वाळाले टाकला."

आणि ती बसकडे निघाली.