खोलीचा रंग हिरवाच होता

आमच्या घरात कुणाला काही आठवेनासं झालं की माझ्याकडे येतात. कोणाच्या बारशाला कोण रुसलं होतं, इथपर्यंत सगळं मला पाठ. म्हणून लग्नाच्या पन्नासाव्या वर्षी खोली रंगवायची ठरली, तेव्हा मी सांगून टाकलं, अमरावतीच्या आपल्या पहिल्या भाड्याच्या खोलीचाच रंग द्यायचा. फिकट हिरवा.

"मोतिया होता," हे म्हणाले.

"हिरवा."

"मले चांगलं आठवते, सिंधू. मोतिया."

हल्ली शेजारणीचं नावसुद्धा मला चटकन सुचत नाही. त्यात ती खोलीही हातची गेली, तर राहिलं काय? मी हट्टालाच पेटले.

रंगारी कुर्बानभाई बार्शीटाकळीचे. त्यांनी भिंतीवर दोन पट्टे ओढले, एक हिरवा, एक मोतिया.

"कोणता कोणता ते सांगू नका," मी बजावलं. "मी ओळखते."

"खिडकीबाहेर अंगणावरची हिरवी जाळी सारून पाहा, काकू. जाळीखाली रंग फसवते."

होळी झाली की अकोल्यात अंगणाअंगणावर ही जाळी चढते. नाहीतर मे महिन्यात माणूस पापडासारखा भाजून निघेल.

"पन्नास वर्षं संसार केला मी," म्हटलं, "मले जाळी काय फसवते?"

डावा पट्टा पालकाच्या भाजीसारखा गडद. उजवा मात्र तोच, फिकट, कोवळा, अमरावतीचा. मी त्यावर बोट ठेवलं. "हा पाहा हिरवा. आता बोला."

यांनी कुर्बानभाईंकडे पाहिलं. कुर्बानभाईंनी डब्याकडे.

"बरोबर आहे तुझं," हे म्हणाले.

इतक्या लवकर ते कधी हरले नव्हते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मग महिनाभर मी येईल त्याला खोली दाखवली. मोर्शीच्या नणंदेला तर दोनदा. रात्री दिव्याखाली भिंती पिवळट दिसायच्या, तो दोष मी बल्बला दिला. पुढे आषाढ लागला, यांनी जाळी सोडून घडी केली, आणि मी चहा घेऊन खोलीत गेले. चारही भिंती दुधावरच्या सायीसारख्या. मोतिया.

"कुर्बानभाईंनी रंग बदलला वाटते," मी पुटपुटले.

"असंल," म्हणत यांनी चहा संपवला, स्टूल ओढलं आणि जाळी पुन्हा बांधायला घेतली.

"अहो, आषाढ लागला."

"ऊन आहे अजून. तू स्टूल धर."

आता सगळ्या जठारपेठेत भरपावसात एकट्या आमच्याच अंगणावर जाळी आहे. कोणी विचारलं, तर माकडांसाठी बांधली म्हणून सांगते. माकडं शेवटची कधी आली होती, ते मात्र मला आठवत नाही.