टक्क्यात धरलेलं घर

आमच्या कोल्हापुरात गाडी कुणी विकत घेत नाही. गाडीच घर बघायला येते आणि घर पसंत पडलं तर राहते.

किंमत द्यावी लागतेच, पण ती पसंतीनंतर. पसंती नसेल तर पैशांची पिशवी घेऊन शोरूमच्या दारात वर्षभर उभे राहा, काच पुसणारा पोरगासुद्धा तुमच्याकडे ढुंकून बघणार नाही. ही पद्धत चांगली की वाईट, यावर मला काही म्हणायचं नाही. जगात सगळीकडे काही ना काही पद्धत असतेच. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती रास्त आहे.

मी आप्पासाहेब मगदूम. लक्ष्मीपुरीत माझं भांड्यांचं दुकान होतं, ते आता पुतण्या बघतो. देशी गाडीचा कट्टर माणूस म्हणून मला सगळी पेठ ओळखते. आमच्याकडची जुनी देशी गाडी वीसेक वर्षं राहिली, म्हातारी झाली आणि गेल्या दिवाळीनंतर रीतसर निरोप घेऊन गेली. तेव्हापासून पोर्च रिकामा पडला होता. पोर्च रिकामा असण्याचं मला काही नाही, पण माझी बायको पद्मा दर शनिवारी गडहिंग्लजला जाते. तिची आई तिथं अंथरुणाला खिळून आहे. पद्माच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि एस.टी.ची पायरी चढताना ती दांड्याला धरून अक्षरशः स्वतःला वर ओढून घेते. ते मला बघवत नव्हतं. म्हणून गाडी हवी होती, आणि अर्थातच देशी.

संध्याकाळी आम्ही चार लोक दूध कट्ट्यावर जमतो. समोर म्हैस पिळायची, फेसाळ ग्लास तोंडाला लावायचा आणि भांडायचं, असा तिथला रिवाज आहे. माझं भांडण ठरलेलं, शिरगुप्पेशी. हा माझा शेजारी. घरी गाडी नाही, पण बाहेरच्या गाड्यांचं कौतुक असं, की जणू त्याची आत्याच तिकडं दिली आहे.

"देशी गाडीचं दार लावलं की डबा मिटल्यागत आवाज येतोय," शिरगुप्पे म्हणायचा. "बाहेरच्या गाडीचं दार बघ. मऊ लागतंय."

"दार लावत बसायला घ्यायची काय गाडी? आणि ती तुझी मऊ दाराची गाडी घाटात बंद पडली तर पार्ट कुठनं आणणार? आमच्या गाडीचा पार्ट उत्तूरच्या सायकलच्या दुकानातसुद्धा मिळतोय."

"म्हणजे तिथंसुद्धा बंद पडत्यात म्हण की!"

मग मी किमतीवर यायचो. बाहेरच्या गाडीच्या किमतीत निम्मा नुसता कर, हे त्याला ओरडून सांगायचो. तो म्हणायचा, एवढा कर भरूनसुद्धा लोक तिला नमस्कार करतात यातच सगळं आलं. देशी गाडीचा पत्रा पातळ, त्यावर माझं उत्तर असं की मनं जाड असली म्हणजे झालं. हे उत्तर फारसं पटण्यासारखं नव्हतं हे मला कळत होतं, पण मी ते इतक्या जोरात द्यायचो की म्हैससुद्धा मान वळवून बघायची. अशी मी देशी गाडीची बाजू लावून धरली. घसा बसला तरी मागं हटलो नाही.

इंगवले म्हणून आमच्याकडे गाड्यांचे मध्यस्थ आहेत. त्यांनी एका रविवारी 'भरारी' नावाची देशी गाडी घर बघायला आणायचं ठरवलं. तांबडी, पाच माणसांची, घरंदाज. पद्मानं अंगण धुतलं आणि पोहे केले. मला मात्र तिनं सकाळीच बजावलं होतं.

"हे बघा, आधीच होकार देऊन बसू नका. बैठकीत गरज दाखवली की समोरचा पाय पसरतोय. माझ्या लग्नात आमच्या अण्णांनी सुपारी फुटायच्या आधीच हो म्हटलं, तर तुमच्या लोकांतलं मला भेटायलासुद्धा दुसऱ्यांदा कुणी आलं नाही."

"गाडी आपल्यातली आहे," मी म्हणालो. "तिच्याशी कसले डावपेच?"

भरारी आली. कुंकू लावून घेतलं, पोर्चमध्ये मागे-पुढे होऊन बघितलं. गाडी खात नसल्यामुळे तिच्या वाटणीचे पोहेही इंगवल्यांनी खाल्ले. मग तिनं चौकशी सुरू केली. झाडाखाली लावणार काय, कावळे बसतात काय, गल्लीतल्या पोरांचं क्रिकेट कुठल्या बाजूला चालतं. मला चार पावलं चालून दाखवायला सांगितलं. साठी उलटलेला मी माणूस, स्वतःच्या अंगणात चाललो. समोरच्या भिंतीवरची जाहिरात वाचून दाखवली. अपमान वाटला, पण रीत म्हणून गिळला.

"आणि आमच्याबद्दल काय मत हाय?" तिनं शेवटी विचारलं.

इथं माझा ताबा सुटला. मी दूध कट्ट्यावरची सगळी भाषणं तिला ऐकवली. आतून पद्मानं दोनदा घसा खाकरला, तरी मी थांबलो नाही.

"म्हंजे आमी न्हाई आलो तरी तुमी भायेरच्या गाडीकडं जानार न्हाईसा?"

"प्राण गेला तरी नाही!"

भरारीनं दिवे मिटले. "बरं," म्हणाली आणि निघाली. ते 'बरं' मला तेव्हा मायेचं वाटलं होतं.

दोन दिवसांनी इंगवले आले आणि पायरीवरच उभे राहिले. "नकार नाही म्हणतात ते लोक," ते म्हणाले. "पण येण्याची गरज वाटत नाही म्हणतात." मी कारण विचारलं. तेवढ्यात शेजारी फटाके वाजले. भरारी शिरगुप्पेच्या दारात उभी होती, गळ्यात झेंडूचा हार, आणि शिरगुप्पेची बायको तिला ओवाळत होती. ज्यानं जन्मभर तिच्या दाराच्या आवाजाची टिंगल केली त्याच्या अंगणात! माझ्या अंगाची आग आग झाली.

स्टेशन रोडला गाड्यांची हिस्सा कचेरी आहे. कुठलं घर देशी गाड्यांच्या टक्क्यात आणि कुठलं बाहेरच्या, हे तिथं ठरतं. मी तडक तिथं गेलो. नेर्लेकर नावाच्या बाई तिथल्या देशी खात्याच्या प्रमुख. त्यांनी मला बसायला सांगितलं, पंखा लावला आणि शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं घर देशी टक्क्यातच आहे," त्या म्हणाल्या. "त्यात काही चूक झालेली नाही."

"पण माझ्याकडे गाडी नाही!"

"गाडी असणं आवश्यक नाही. मन असलं की धरतो. तुमचं मन पक्कं आहे असा भरारीचा अहवाल आहे. शिरगुप्पेंचं मन बाहेरच्या बाजूला होतं, म्हणून गाडी तिकडे पाठवली. टक्का असाच वाढतो, मगदूम. जे घर आपलंच आहे तिथं गाडी खर्ची घालून काय मिळणार?"

"म्हणजे मी त्यांच्यासाठी भांडलो ही माझी चूक?"

"चूक कशी? तुमच्यासारख्या घरांवरच तर टक्का उभा आहे. शहरात अशी पुष्कळ घरं आहेत. सगळ्यांचे पोर्च रिकामे आहेत."

"मग मी उद्यापासून देशी गाडीला शिव्या देतो."

"मनापासून द्याव्या लागतील," बाई म्हणाल्या. "वरवरच्या आम्ही धरत नाही."

त्या संध्याकाळी मी कट्ट्यावर प्रयत्न केला. देशी गाडीचा पत्रा पातळ असतो, असं म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "पण मनं जाड असतात." लोक हसले. शिरगुप्पे तर आता भरारीचं इतकं कौतुक करत होता की ऐकवत नव्हतं. मी दूध अर्धं टाकून उठलो. अर्धं दूध टाकून मी आयुष्यात कधी उठलो नव्हतो.

त्याच आठवड्यात बाहेरची एक गाडी आमचं घर बघायला आली. मी बोलावली नव्हती. इंगवले म्हणाले, ती स्वतःहून येते आहे. करड्या रंगाची, अंगावर एक रेघ नाही, आणि बोलणं पाठ्यपुस्तकातल्यासारखं.

"नमस्कार. आपल्या घराविषयी बरंच ऐकलं आहे," ती म्हणाली. "आमच्या बाजूनं विचाराल, तर आपलं एक घर म्हणजे शंभर घरं. मगदुमांच्या दारात आम्ही उभ्या राहिलो, तर अख्खी पेठ विचारात पडेल. मी आजच राहायला तयार आहे. किमतीतही पाहता येईल. अट इतकीच, की आपण दूध कट्ट्यावर देशी गाडीबद्दल एक वाईट वाक्य बोलावं. एकच पुरे."

खरं सांगतो, देशी गाडीवर मला इतका राग होता की एक काय, हजार वाक्यं साठली होती. माझ्या निष्ठेचं तिनं पायपुसणं केलं होतं. पण हे परक्या गाडीनं मला सांगावं? आमच्या घरचं भांडण आहे, आम्ही बघून घेऊ. मी ताडकन उठलो. "इंगवले, पाहुण्यांना वाट दाखवा!"

"थांबा," पद्मा म्हणाली. ती पदर खोचून पुढं आली आणि पोर्चमध्ये माझ्या आणि गाडीच्या मध्ये उभी राहिली. "ह्यांना बघून झालं असलं तर आता मला बघा."

गाडी जरा गोंधळली. "आपलं मत काय आहे? देशी चांगली की बाहेरची?"

"आईजवळ वेळेत पोचवते ती चांगली. तुला क्लच आहे काय?"

"नाही. मी आपोआप चालते."

"मग माझ्या डाव्या गुडघ्याला काम नाही. पत्रा?"

"जाड आहे."

"कर?"

"जास्त आहे," गाडी खाली मान घालून म्हणाली.

"माझ्या पाटल्या आहेत," पद्मा म्हणाली. "आणि मी कुणाबद्दल वाईट वाक्य बोलणार नाही. तुझ्याबद्दलसुद्धा नाही. यायचं तर ये, नाहीतर मला साडेदहाची एस.टी. आहे."

मी म्हणालो, "पद्मा, चाळीस वर्षं मी गावात काय सांगत आलो?"

"तुम्ही सांगत आलात. मी पायरी चढत आले," ती म्हणाली.

गाडीनं हलकेच दिवे लावले, म्हणजे पसंत. इंगवल्यांनी सुपारी फोडली.

मी परत कचेरीत गेलो. नेर्लेकर बाईंनी नियम वाचून दाखवला. बाहेरची गाडी पत्नीच्या नावावर असेल आणि पती त्या गाडीत पाऊल ठेवत नसेल, तर घर देशीच धरलं जातं. पतीनं एकदा जरी आत बसून दार लावलं, तरी घर तिकडच्या टक्क्यात.

"बसायला बंदी नाही," बाई म्हणाल्या. "तुमची मर्जी."

"मी मरेन पण बसणार नाही."

"तसं गृहीतच धरलं आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पंखा बंद केला.

तेव्हापासून दर शनिवारी पद्मा गाडीनं गडहिंग्लजला जाते आणि मी एस.टी.नं. मला जायची तशी गरज नाही, पण सासूबाई माझी वाट बघतात, आणि देशी गाडीचा माणूस घरी बसून राहिला असं कुणी म्हणायला नको. एस.टी.त बहुतेक वेळा उभंच राहावं लागतं. उभ्या उभ्या मी देशी गाडीवर चरफडत असतो आणि कुणी शेजारचा तिला नावं ठेवू लागला की त्याच्याशी भांडतो. शिरगुप्पेची भरारी मध्येच आम्हाला मागे टाकून जाते. हॉर्नही देत नाही.

गेल्या शनिवारी कागलच्या स्टँडवर आमची एस.टी. थांबली तर शेजारी पद्माची करडी गाडी उभी होती. पद्मा उतरून माझ्या खिडकीखाली आली. हातात थर्मास होता. खिडकीतून तिनं मला चहा दिला.

"गर्दी आहे?" तिनं विचारलं.

"आहे."

"कंबर?"

"दुखते आहे."

"पुढची सीट मोकळी आहे. या की."

मी तिच्याकडे बघितलं, मग त्या सीटकडे. गाडीनं दार उघडून धरलं होतं. मला उतरावंसं वाटलं. साफ सांगतो, फार वाटलं. पण मग आमचं घर हललं असतं, आणि ज्यांनी मला विचारलं नाही त्यांचा टक्का माझ्यामुळे कमी झाला असता. त्यांच्यावरचा राग एवढा होता, की त्यांचं नुकसान दुसऱ्या कुणी केलेलं मी सहन केलं नसतं, मग स्वतः कसं करू?

"नको," मी म्हणालो. "तू हो पुढं."

"मग ती पिशवी तरी द्या. त्यात आईची औषधं आहेत, गर्दीत दबून जातील."

मी पिशवी खिडकीतून खाली दिली. पद्मानं ती पुढच्या सीटवर ठेवली. पट्टा लावल्याशिवाय गाडी हलत नाही, म्हणून पिशवीला पट्टा लावला, नीट ओढून बघितला आणि दार लावलं. दाराचा आवाज मऊ आला. कंडक्टरनं डबल बेल दिली. मी दांड्याला धरून उभा होतो. माझी पिशवी माझ्या आधी गडहिंग्लजला निघाली.